नुसतं 'ऑटोमॅटिक' लिहून कसं भागेल साहेब?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत सेकंडहँड गाडीवर अर्धं पान आलं होतं, त्यात शेवटी लिहिलं होतं की आता मॅन्युअलचा जमाना गेला, जुनी घ्यायची तरी सरळ ऑटोमॅटिक घ्या. घरच्यांनी तो कागद कापून माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला, म्हणजे मला दिसावा म्हणून. दिसला. वाचला. अर्धं पटलं आणि अर्ध्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, मोबाईलवर बोटानं टाईप करतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मी एसटीत ड्रायव्हर होतो, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, राहतो एरंडोलला. सुरुवातीच्या काळात डबल क्लच मारल्याशिवाय, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबल्याशिवाय, गिअर न घेणाऱ्या गाड्या चालवल्यात, त्यामुळं गिअर म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको असा माझा समज होता आणि तो समज गेल्या दीड वर्षात चांगलाच उतरला. डावा गुडघा पार गेलाय. जळगावला डॉक्टरांनी फोटो काढला आणि विचारलं काका तुम्ही काय करायचे, म्हटलं क्लच दाबायचो. हसले ते. पण मी घरी येताना अजिंठा चौफुली ते खोटेनगर मुद्दाम मोजलं, संध्याकाळची वेळ, पुढं कापसाची ट्रॉली, ७१ वेळा क्लच दाबला. एवढ्याशा रस्त्यात! त्या दिवशी ठरवलं की आता बिनक्लचची गाडी बघायची, जुनीच, बजेट साडेचार लाखाच्या आत, कारण पेन्शनमध्ये नवीचे हप्ते काय झेपत नाहीत.

आणि इथून तुमच्या छोट्या जाहिरातींशी माझा संबंध आला.

जाहिरातीत काय असतं, तर 'ऑटोमॅटिक, सिंगल ओनर, टॉप मॉडेल, बघताक्षणी पसंत'. फोन केला तर समोरचा म्हणतो काका काही टेन्शन नाही, ऑटोमॅटिक आहे. अहो पण कोणतं? तर म्हणे ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक. एकदा या भरवशावर नाशिकला गेलो, जाऊन येऊन चारशेच्या वर किलोमीटर, पुतण्याला सुट्टी घ्यायला लावली, आणि बघतो तर ती निघाली ड्युअल क्लच. तसलीच गाडी आमच्या एका नातेवाईकाची कोंडाईबारी घाटात बंद पडली होती, लग्नाचं वऱ्हाड आत, टोचन लावून ओढता येईना म्हणून नुसतं उचलून न्यायची गाडी मागवली, आणि पुढं वर्कशॉपनं जो आकडा सांगितला त्यात एक बैलजोडी आली असती. त्यामुळं ती गाडी चालवून पण बघितली नाही, चहा घेतला आणि परत. पुतण्या धुळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

चूक माझी पण होतीच, मला तरी कुठं माहीत होतं की एका शब्दात चार वेगवेगळी यंत्रं लपलेली असतात. आता माहीत झालंय तर आमच्यासारख्यांसाठी लिहितो, जाणकारांनी हसू नये.

आपल्याकडं जुन्या छोट्या गाड्यांत सगळ्यात जास्त सापडते ती एएमटी. २०१४ ला मारुतीनं सेलेरिओत आणली, त्याआधी स्वस्त गाडीत हा प्रकार नव्हता, मग अल्टो के-१०, वॅगनआर, क्विड, टियागो सगळीकडं आली. ही मुळात मॅन्युअलच गाडी आहे बरं का. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट, फक्त आपला पाय आणि आपला हात काढून तिथं एक यंत्र बसवलंय, त्याला अॅक्च्युएटर म्हणतात, तो क्लच दाबतो आणि गिअर पाडतो. म्हणजे समजा आत एक छोटा ड्रायव्हर बसलाय, जरा नवशिका, गिअर बदलताना तुम्हाला हलकासा झोल देतो. पेट्रोल मात्र मॅन्युअलइतकंच खाते म्हणून लोकांना आवडते.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टर, ही जुनी आणि माझ्या मते सगळ्यात सरळ. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच प्लेट नाहीच, तेल आहे, एका पंख्यानं तेल फिरवायचं आणि त्या तेलानं दुसरा पंखा फिरवायचा, झालं. म्हणून चढावर तासभर हळूहळू चालली तरी जळायला प्लेटच नाही. जुन्या आय-टेनला, पहिल्या ग्रँड आय-टेनला ही यायची, चारच गिअर, पेट्रोल जास्त पिते. तिसरी सीव्हीटी, अलीकडच्या होंडा सिटी, जॅझ, अमेझला असते, त्यात गिअरच नाहीत, दोन पुली आणि मधे स्टीलचा पट्टा, पुलीचा घेर कमीजास्त होतो, आपल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा डोळ्यासमोर आणा पण तो तेलात बुडालेला. चालवायला लोण्यासारखी. आणि चौथी ती ड्युअल क्लच, म्हणजे आत एकाऐवजी दोन क्लच, तिच्या खर्चाबद्दल वर लिहिलंच.

आता गंमत बघा. गाडीचं नाव सांगून पण कळत नाही. ग्रँड आय-टेन जुनी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर आणि त्याच घराण्यातली नियॉस असेल तर एएमटी. बलेनो २०२२ च्या आधीची असेल तर सीव्हीटी, नंतरची असेल तर एएमटी. आणि क्रेटा २०२० ची, तिच्यात तर पेट्रोलला सीव्हीटी, डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर आणि टर्बो पेट्रोलला ड्युअल क्लच, एकाच गाडीत तिन्ही! मग 'क्रेटा ऑटोमॅटिक विकणे आहे' एवढं छापून वाचणाऱ्याला काय कळावं साहेब? हे म्हणजे 'जनावर विकणे आहे' असं छापल्यासारखं झालं, आता ती म्हैस आहे का घोडा ते तुम्ही येऊन बघा.

बरं, पुढचं सांगतो. आमच्याकडच्या एजंटांकडं ज्या ऑटोमॅटिक येतात त्यातल्या बऱ्याच एमएच-१२, एमएच-१४ नाहीतर एमएच-४३ असतात, म्हणजे पुणे, पिंपरी, नवी मुंबई. पॉलिश मारलेल्या, किलोमीटर कमी. आणि आपली माणसं किलोमीटर बघून खूश होतात की वा फक्त अठ्ठेचाळीस हजार. एएमटीच्या बाबतीत हा हिशोब उलटा आहे. आपल्याकडची गाडी एरंडोलहून निघाली की पारोळा, धुळे, वरच्या गिअरमध्ये सरळ जाते, क्लचला काम किती? आणि पुण्यात तीच गाडी दहा किलोमीटरला तासभर, थांब-चल थांब-चल, प्रत्येक वेळी आतला तो नवशिका ड्रायव्हर अर्धा क्लच सोडून गाडी सरकवतोय. तिकडचे पन्नास हजार म्हणजे क्लचच्या दृष्टीनं इकडचे लाख. मी स्वतः अशी एक गाडी पद्मालयच्या चढावर नेली. गणपतीच्या दर्शनाला चाललोय असं एजंटच्या पोराला सांगितलं, आणि चढावर मधेच थांबवून, ब्रेक सोडून, नुसत्या अॅक्सिलेटरवर गाडी धरायचा प्रयत्न करून बघितला, हे एरवी कधीच करू नये बरं का, क्लच जाळायचा हा खात्रीचा रस्ता आहे. दुसऱ्या मिनिटाला वास. जळक्या ब्रेकचा येतो ना तसा करपट वास. सोबत आमच्या गावचा मिस्तरी होता, मागच्या सीटवरून म्हणाला, "आप्पा, क्लच बयना दखा." म्हणजे क्लच जळला बघा. एजंटचं पोरगं म्हणतं बाहेर कोणीतरी कचरा जाळत असेल. आजूबाजूला कडुनिंबाची झाडं आणि दोन शेळ्या, कचरा कोण जाळणार.

या सुरुवातीच्या एएमटी गाड्यांत हिल होल्ड पण नाही, नंतरच्या मॉडेलात यायला लागलं. म्हणजे चढावर ब्रेक सोडला की मागं सरकते. हँडब्रेक वापरायचा, आपण शिकताना वापरायचो तसाच. पण विकणारा सांगतो की ऑटोमॅटिकला काही करावंच लागत नाही काका.

शेवटी मी घेतली ती पण एएमटीच. हसा. पण जळगावातल्या एका मास्तरांची, पासिंग एमएच-१९, घर ते शाळा आणि सुट्टीत गाव, सर्व्हिसची सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणं लावलेली, अशी बिलं बघून गाडीपेक्षा माणसावर विश्वास बसतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली एक बघितली होती, डॉक्टरची, सुंदर चालत होती, पण चौदा वर्षं जुनी, पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं म्हणजे पुन्हा आरटीओ, पुन्हा फिटनेस, आणि गावात बाराच्या पुढं अॅव्हरेज देत नव्हती, म्हणून सोडली. आजही वाटतं घ्यायला पाहिजे होती.

कारण पुढं काय झालं ऐका. सात महिन्यांनी क्लच गेला. मास्तरांचा दोष नाही, प्लेट संपायचीच होती, त्यांनी घेतानाच सांगितलं होतं की मूळ प्लेट आहे, त्याचे पैसे पण कमी केले होते. मी म्हटलं यात काय, गिअरबॉक्स तर मॅन्युअलचाच आहे, आपल्या गावातल्या गॅरेजला टाकू. टाकली. मिस्तरीनं एका दिवसात गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बसवली, एकदम फिट. चावी फिरवली, गाडी चालू झाली, डी मध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरला, टाकली आणि ती हलेना. स्क्रीनवर न्यूट्रलचा एन लुकलुकतोय. परत उतरवला, परत बसवला. तेच. मिस्तरी रडकुंडीला आला बिचारा, तीस वर्षांत क्लच टाकून गाडी हलली नाही असं त्याचं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जळगावहून स्कॅनरवाला पोरगा आला, पंचविशीचा असेल, मोटरसायकलवर, पाठीला सॅक. त्यानं स्टिअरिंगखाली वायर लावली, टॅबवर दहा मिनिटं काहीतरी केलं, आतून टक टक आवाज आले आणि म्हणाला काका आता चालवा. चालली. मी विचारलं काय केलं रे, तर म्हणे नवीन प्लेट किती जाडीची आहे, कुठं धरते कुठं सोडते, हे गाडीच्या कॉम्प्युटरला माहीतच नव्हतं, ते त्याला शिकवलं. म्हणजे आतल्या त्या नवशिक्या ड्रायव्हरला पुन्हा क्लच शिकवावा लागतो! प्लेट टाकायची मजुरी आणि टक टकचे पैसे जवळपास सारखेच झाले. मला राग नाही आला, खरं सांगतो, मिस्तरीचं तोंड बघून वाईट वाटलं. आता त्यानं पण स्कॅनर घेतलाय, हप्त्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ऑटोमॅटिक घ्यायची का मॅन्युअल, हा प्रश्न पुण्यात एक आहे आणि खान्देशात वेगळा आहे. पुण्यात गाडी बंद पडली तर चार किलोमीटरवर वर्कशॉप. आमच्याकडं अक्कलकुवा, धडगावकडच्या माणसानं सीव्हीटी घेतली आणि काही झालं तर तो नंदुरबारला जाणार, तिथून सुरत नाहीतर नाशिक. घेण्याआधी आपल्या गावापासून त्या यंत्राचा जाणकार किती लांब आहे ते आधी विचारा, गाडीचा रंग नंतर. आणि बॅटरी. मॅन्युअल गाडी बॅटरी उतरली तर चार पोरं धक्का मारून चालू करतात, ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही. त्यात एएमटी गिअरमध्ये ठेवून बंद केलेली असेल आणि बॅटरी उतरली तर न्यूट्रलच होत नाही, जागेवरून ढकलता पण येत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, बॅटऱ्या पटापट जातात, मी आता डिकीत जम्पर केबल ठेवतो.

बघायला जाल तेव्हा गाडी थंड असताना बघा, हे मात्र सगळ्या ऑटोमॅटिकला लागू. आधी फोन करून सांगू नका की येतोय, नाहीतर ती गरम करून ठेवतात. बोनेटवर हात ठेवा, गार लागलं पाहिजे. मग ब्रेक दाबून एन मधून डी, डी मधून आर, म्हणजे रिव्हर्स. क्षणभर थांबून जोरात 'धड' झालं तर नमस्कार करा आणि निघा. सीव्हीटी हळू उचलताना थरथरते का, गुणगुणते का, ते एसी आणि गाणी बंद करून ऐका, विकणारा तेवढ्यात गाणी लावतोच. तेल कधी बदललं ते बिलावर बघा, तोंडी नको. गाडीच्या पुस्तकात किती किलोमीटरला बदलायचं ते छापलेलं असतं, आणि बहुतेक मालकांनी ते पान उघडलेलंच नसतं. एकानं मला ठासून सांगितलं की ऑटोमॅटिकला तेल बदलायचं नसतं, आयुष्यभराचं असतं. कोणाच्या आयुष्यभराचं हे नाही सांगितलं.

मॅन्युअल म्हणजे डोळे झाकून घ्यावी असं पण नाही. तिथं पण फसवणारे आहेत. चौथ्या गिअरमध्ये चाळीसला गाडी ठेवून एकदम रेस द्या, आवाज वाढला आणि गाडी नाही वाढली तर प्लेट संपली. न्यूट्रलला उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की बंद होते, तर आतली बेअरिंग. तिसऱ्यातून दुसऱ्यात पाडताना कर्रर्र केलं तर समजा आधीच्या मालकानं पोराला याच गाडीवर शिकवलंय. पण यातलं बरंचसं कुठल्याही तालुक्याच्या गावात दुरुस्त होतं, हा मोठा फरक. ज्याला मळ्यात जायचंय, चिखलातून काढायचीय, मागं खताच्या गोण्या टाकायच्यात, कन्नडचा घाट महिन्यातून चारदा उतरायचाय, त्यानं पाय शाबूत आहेत तोवर मॅन्युअलच घ्यावी असं मला वाटतं. घाटात खालचा गिअर आपल्या हातानं पाडून उतरण्यात जो भरवसा आहे तो मला अजून दुसऱ्यात मिळाला नाही. एएमटीला पण एम वर, म्हणजे मॅन्युअलवर, टाकून गिअर आपल्या हातानं पाडता येतो, मी करतो, पण शेजारी बसलेल्यांना कोणीच सांगितलेलं नसतं की ते एम कशासाठी आहे.

आणि ज्याचा गुडघा गेलाय, ज्याला रोज शहरात जायचंय, ज्या घरात बायका गाडी शिकायच्यात पण चढावर बंद पडेल म्हणून घाबरतात, त्यांनी बिनधास्त ऑटोमॅटिक घ्या. आमची सूनबाई दोन वर्षं मॅन्युअल शिकत होती आणि रेल्वे फाटकाला पोचली की उतरून माझ्या पोराला बसवायची, आता एकटी अमळनेरला माहेरी जाऊन येते. आमच्याकडं ऑटोमॅटिकला गिऱ्हाईक कमी, खेड्यातला माणूस अजून लांबच राहतो, त्यामुळं घासाघीस करायला पण वाव आहे, मला मास्तरांकडून भावात फायदा झाला तो त्यामुळंच.

फक्त पहिले आठ दिवस जपून. पहिल्याच दिवशी पारोळ्याच्या अलीकडं स्पीड ब्रेकर आला, तीस वर्षांची सवय, डावा पाय आपोआप क्लच शोधायला गेला आणि बसला ब्रेकवर, तोही क्लच दाबतात तेवढ्या जोरात. गाडी जागेवर उभी. मागच्या सीटवर व्याह्यांकडं न्यायचा भरीताचा डबा होता, तो पुढं आला, झाकण निघालं, आणि अर्धं भरीत गिअरच्या दांड्यावर. हिनं काही बोललं नाही. नुसतं बघितलं. डावा पाय आता मी सीटखाली मुडपूनच बसतो.

तर साहेब, विनंती एवढीच. तुमच्या जाहिरात विभागाला सांगा की गाडीच्या जाहिरातीचा फॉर्म भरून घेताना एक रकाना वाढवा, ऑटोमॅटिक असेल तर कोणती, एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर का ड्युअल क्लच. चार शब्दांतला एक शब्द आहे. विकणाऱ्याला माहीत नसेल तर तो गाडीचं पुस्तक बघून सांगेल, आणि ज्याला आपल्याच गाडीत काय आहे ते माहीत नाही त्यानं तिचं तेल कधी बदललं असेल ते वाचणारा ओळखेल.

माझी जुनी गाडी अजून दारात उभी आहे, तिची जाहिरात सोबत जोडतोय, अशीच्या अशी छापावी. ओळी वाढल्या तर जास्तीचे पैसे देतो:

'विकणे आहे. २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-१९, मॅन्युअल, पाच गिअर. क्लच प्लेट दोन वर्षांपूर्वी टाकली, बिल आहे. दुसरा गिअर थंडीत सकाळी जरा अडतो, गरम झाल्यावर सुटतो. मागचा डावा दरवाजा ठोकून घेतलेला आहे. यंदा रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागेल. मालक एसटीचा रिटायर ड्रायव्हर. बघायला कधीही या, गाडी थंडच असेल.'

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, एरंडोल, जि. जळगाव